गाडीखालची बालदी

संध्याकाळी आगगाडीतून उतरलेला माणसांचा लोंढा मुंबईच्या एखाद्या स्थानकाबाहेर पडतो, आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीपाशी त्यांतले चारदोन जण हटकून थबकतात. कढईत वडे तळले जात असतात. झाऱ्याचा खणखणाट, लसणीचा खमंग वास आणि पावाच्या पोटात भरलेली लालभडक चटणी! भुकेल्या माणसाला मग घरचा वरणभात आठवत नाही. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव यांची ही जोडी जमवली, असे सांगतात. पाळीवर निघालेल्या गिरणी-कामगाराला ताट नको होते, बसायला जागाही नको होती. चालता चालता पोट भरले म्हणजे झाले. ते काम या जोडीने स्वस्तात केले.

सुखवस्तू घरांत मात्र अशा गाडीला सरसकट घाणेरडी म्हणण्याची रीत आहे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. उकळत्या तेलातून नुकताच निघालेला वडा सहसा कोणाला आजारी पाडीत नाही. तेवढ्या उष्णतेत रोगजंतू तग धरीत नाहीत. धोका असतो तो कढईच्या बाहेर. न उकळलेल्या पाण्यात कालवलेली चटणी, उघड्यावर चिरून ठेवलेला कांदा, पाणीपुरीच्या मडक्यात मनगटापर्यंत बुडणारा हात, आणि सर्वांत वाईट म्हणजे गाडीखालची बालदी! तिच्यातच बशा विसळायच्या, तिच्यातच हात धुवायचे आणि फडकेही तिच्यातच पिळायचे. विषमज्वर आणि कावीळ यांना माणसाच्या पोटात शिरावयास ही वाट पुरेशी आहे.

विक्रेत्याने पाणी वरचेवर बदलावे, हे सांगणे सोपे. पण नळ कोठे आहे? दूरवरून डबे भरून आणणारा माणूस पाणी तुपासारखे जपून वापरणारच. त्याला आळशी म्हणणे न्यायाचे नाही. रद्दी कागदाची गोष्ट निराळी. शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देण्यास 2018 च्या नियमांनी मनाई केली. तरी गरम भजी अजून कालच्या बातम्यांवरच विसावलेली दिसतात. येथे दोष विक्रेत्याचा, आणि मुकाट्याने पुडा घेणाऱ्या गिऱ्हाइकाचाही.

पथविक्रेत्यांसाठी 2014 साली कायदा झाला. शहराच्या विक्रेता समितीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांचेच असावेत, असे त्यात म्हटले आहे. या समितीपुढे पहिली मागणी नळाची आणि सांडपाण्याच्या मोरीची यावयास हवी. पण पुष्कळदा सारा वाद जागेपाशीच अडतो. गाडी उचलून नेली जाते, रस्ता दोन दिवस मोकळा दिसतो. तिसऱ्या दिवशी ती पलीकडच्या कोपऱ्यावर उभी असते; वडे तेच, गर्दी तीच, आणि खाली बालदीही तीच.