सुपरमॅनचे पिकलेले केस

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण काही खास नाही, आळस. पण गेल्या महिन्यात घरात एका पुस्तकावरून जी वादावादी झाली, ती लिहून ठेवायलाच हवी असं वाटलं.

भाचा सुट्टीत राहायला आला होता. वय वर्षं एकोणीस, पाठीवर कायम सॅक. त्यातून त्याने एक जाडजूड पुस्तक काढून टीपॉयवर ठेवलं. "मामा, हे वाच. कॉमिक म्हणून हसू नकोस." पुस्तकाचं नाव 'किंग्डम कम'. लेखक मार्क वेड, चित्रकार ॲलेक्स रॉस. १९९६ साली डीसीने चार भागांत काढलं, मग एकत्र पुस्तक आलं. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन सगळे आहेत, पण उतारवयातले. आणि आतलं प्रत्येक चित्र रंगवलेलं. म्हणजे शाईची रेघ मारून आत रंग भरलेला नव्हे, तर गुआशमध्ये, आपण पोस्टर कलर म्हणतो त्याच जातीच्या रंगात, एकेक चौकट पेंटिंगसारखी केलेली.

आमचं कॉमिक्सचं शिक्षण 'इंद्रजाल'वर झालेलं. वेताळ, मँड्रेक, बहादूर. मानपाडा रोडला तेव्हा आजच्यासारखी गर्दी नव्हती, आणि एक अंक चार घरं फिरून यायचा. दहा मिनिटांत वाचून संपायचा. या पुस्तकाला मला चार रात्री लागल्या.

गोष्ट थोडक्यात सांगतो. (ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) जोकर 'डेली प्लॅनेट'मधल्या माणसांचे खून करतो, त्यात लोइस लेनही जाते. पोलिसांच्या ताब्यातल्या जोकरला मॅगॉग नावाचा नवा, आक्रमक हीरो ठार मारतो. कोर्ट मॅगॉगला सोडतं आणि लोकही त्यालाच डोक्यावर घेतात. मारायचं नाही या तत्त्वावर जगलेला सुपरमॅन हे बघून निघून जातो. दहा वर्षं जातात. नव्या पिढीचे हीरो रस्त्यात आपापसातच मारामाऱ्या करतात, लोक मधल्यामध्ये भरडले जातात. मग कॅन्ससमध्ये स्फोट होतो, लाखो माणसं मरतात, सगळा मुलूख ओसाड होतो. तेव्हा कुठे सुपरमॅन परत येतो. आल्यावरही तो चुकाच करतो. न ऐकणाऱ्यांसाठी भलामोठा तुरुंग बांधतो, आणि तिथूनच शेवटच्या युद्धाला तोंड फुटतं. हे सगळं आपल्याला दिसतं नॉर्मन मॅके नावाच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या डोळ्यांनी. स्पेक्टर नावाची एक दैवी शक्ती त्याला सगळीकडे घेऊन जाते, कुणालाही न दिसता.

आता मतं. भाच्याचं मत, चित्रं अफाट, गोष्ट ठीक. त्याच्या मित्राचं बरोबर उलटं. तो म्हणे, "चित्रं सुंदर आहेत पण फोटोसारखी थिजलेली. मारामारीत कोण कोणाला मारतंय ते कळत नाही." आमच्या लोकलच्या ग्रुपमधल्या एकाने हे पूर्वीच वाचलं होतं. त्याची तक्रार वेगळी. "शेकडो पात्रं, त्यातली निम्मी ओळखीची नाहीत. वर बायबलची वचनं. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." आणि आमच्या हिने दोन संध्याकाळी पानं उलटून एका वाक्यात निकाल लावला, "सगळे पुरुष रुसून बसलेत आणि उठून कामाला लागलीये ती एकटी बाई."

हिचं म्हणणं खोटं नाही. सुपरमॅन शेतीत, बॅटमॅन आपल्या गुहेत बसून यंत्रमानवांकरवी शहरावर पहारा करतोय, ग्रीन लँटर्न पृथ्वीच्या वर हिरव्या महालात. सुपरमॅनला हाक मारायला जाते ती वंडर वूमन.

मित्राच्या तक्रारीतही तथ्य आहे. रॉस खऱ्या माणसांना उभं करून, त्यांचे फोटो काढून त्यावरून रंगवतो. असं रंगवलेलं चित्र डोळ्याला थांबवतं. हाणामारीच्या पानाला हे मारक ठरतं, कारण तिथे डोळा पळायला हवा. वेताळाचा ठोसा चार रेघांत बसायचा. इथे ठोशाआधी आपण बाहीच्या चुण्या बघत बसतो. शेवटच्या युद्धाची काही पानं मला तरी नुसती गर्दी वाटली.

पण 'चित्रं चांगली, गोष्ट ठीक' हे मात्र मला पटत नाही. या पुस्तकात चित्र आणि गोष्ट वेगळी काढताच येत नाहीत. सुपरमॅनच्या कानशिलावरचे पिकलेले केस, बॅटमॅनच्या अंगाला आधार देणारा सांगाडा, एकेकाचं सुटलेलं अंग, हीच गोष्ट आहे. रेघेतला हीरो म्हातारा होत नाही. वेताळ पिढ्यानपिढ्या तसाच दिसायचा, आणि तीच त्यातली गंमत होती. रंगवलेल्या माणसाला मात्र वजन येतं, वय येतं, थकवा येतो. 'हे देव आता काय करणार?' हा प्रश्न त्यांना शरीर असलं तरच पडतो.

दुसरं म्हणजे तो पाद्री. मला वाचताना सारखा संजय आठवत होता. व्यासांनी दिव्य दृष्टी दिली, संजय युद्ध बघत राहिला आणि आंधळ्या राजाला सांगत राहिला. नॉर्मनचंही तसंच, पण शेवटी तो नुसता बघा राहत नाही. संतापलेला सुपरमॅन संयुक्त राष्ट्रांची इमारत तिथल्या माणसांच्या डोक्यावर पाडायला निघतो, तेव्हा त्याला अडवतो हा म्हातारा, तोही फक्त बोलून. याआधी १९९४ साली रॉसने कर्ट ब्युसिएकबरोबर 'मार्व्हल्स' केलं होतं. तिथेही सगळं दिसतं ते फिल शेल्डन नावाच्या एका साध्या फोटोग्राफरच्या नजरेने. हा चित्रकार देवांना एवढं हुबेहूब रंगवतो ते त्यांच्याकडे बघणाऱ्या साध्या माणसासाठी, असं माझं मत झालंय.

इथवर लिहून थांबलो असतो, पण बाबांचं मत राहिलं.

जुन्या वाचकांना ठाऊक आहे, बाबा पेंटर. डोंबिवली पूर्वेला दुकानांच्या पाट्या, ट्रकवरची नावं, गणपती मंडळांचे पडदे यावर त्यांनी आमचं घर चालवलं. खडू लावलेला दोरा ताणून ते भिंतीवर टप्पकन रेघ उठवायचे, ते बघायला आम्ही पोरं जमायचो. त्यांचे देव दोन, दलाल आणि मुळगावकर. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा त्यांनी फारशा वाचल्या नसतील, पण त्यावरची मुळगावकरांची मुखपृष्ठं कापून वहीत चिकटवलेली होती. मग २००० च्या आसपास फ्लेक्स आला. पाटीला चार दिवस लागायचे, फ्लेक्स संध्याकाळी छापून मिळायचा, तोही स्वस्तात. दोनेक वर्षांत काम संपलं. बाबांनी ब्रश टर्पेंटाइनने धुतले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. "बाबा, जमाना बदलला, आता आराम करा," असं मी म्हणालो होतो. चांगल्या मनानेच म्हणालो होतो.

तर बाबांनी ते पुस्तक मागितलं. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं. भिंग घेऊन नुसती चित्रं बघत होते, दोन दुपारी. मग मला बोलावलं आणि पाद्र्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "बाकी सगळ्यांना त्याने उभं करून काढलंय. या म्हाताऱ्याला त्याने रोज बघितलंय."

मला माहीत नव्हतं. भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, नॉर्मनसाठी रॉसने आपल्या वडिलांनाच समोर बसवलं होतं. ते स्वतः धर्मोपदेशक होते. आई व्यावसायिक चित्रकार. बाबांना याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. "दिसतंय की," एवढंच म्हणाले.

मग मी त्यांना गोष्ट सांगितली, आणि सांगताना जरा वाहवत गेलो. लोकांनी भडक, नव्या मॅगॉगला पसंत केलं म्हणून सुपरमॅन सगळं टाकून शेती करायला गेला, आणि ती शेतीही खरी नाही, त्याच्या किल्ल्यात उभा केलेला नुसता देखावा. त्याची खरी चूक ही की तो निघून गेला, असं लेखकाला म्हणायचंय. बोलता बोलता माझ्या डोक्यात माळ्यावरचे ब्रश होते. बाबांनाही ते कळलं असणार.

थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "तो रुसून गेला. मी रुसलो नव्हतो. मला कोणी बोलावलंच नाही."

पुढे म्हणाले, "त्याला बोलवायला ती आली ना दहा वर्षांनी?"

मला काही उत्तर सुचलं नाही. एवढी वर्षं मी समजत होतो की बाबांनी काम सोडलं. खरं तर कामाने त्यांना सोडलं, आणि घरच्यांनी, म्हणजे मी, त्याला 'आराम' हे नाव दिलं. पुस्तकावरचं माझं मत त्या दिवशी थोडं बदललं. निघून जाणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. हाक मारायला कोण गेलं, हे पुस्तक वाचताना मी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते हिने, आणि मी हसण्यावारी नेलं.

भाचा हुशार. (माझ्यापेक्षा नक्कीच.) एरवी तो म्हणतो, असली चित्रं आता कॉम्प्युटर मिनिटात करून देतो. त्याच रात्री मात्र त्याने सुपरमॅनच्या लाल कापडाच्या घड्या दाखवून विचारलं, "आजोबा, हे पोस्टर कलरने कसं करायचं?" बाबा म्हणाले, "आधी गडद भाग लाव. पांढरा शेवटी. आणि पाणी कमी." माळ्यावरचे ब्रश काढले तर केस कडक होऊन गेलेले. नवे आणले. बाबांचा हात आता थरथरतो, त्यामुळे ते सांगतात आणि भाचा करतो, चुकलं की शिव्या खातो. पहिल्या तीन घड्या भाकरीसारख्या दिसत होत्या.

पिठाच्या गिरणीवरची बाबांची एक पाटी अजून शिल्लक आहे. रंग उडालाय, अक्षरं वाचता येतात. रोज तिच्यावरून जातो, परवा पहिल्यांदा थांबून बघितली.

असो. बरंच लांबलं. पुस्तक कुठे मिळालं तर वाचा. चित्रांसाठी वाचा की गोष्टीसाठी, ते तुम्ही ठरवा आणि तुमचं मत मला कळवा. आणि मंडळी, तुमच्याकडे कुणाला दाराची पाटी रंगवून हवी असेल तर तेही कळवा. वेळ लागेल, आणि घासाघीस चालणार नाही, असं बाबांनी सांगितलंय.