जुन्या सायकलला घरीच रंग
थोरल्याची सायकल धाकटीला शाळेसाठी द्यायची, तर रंग घरीच मारता येतो. सुटे भाग काढा. गंज पॉलिश पेपरने घासा, पण फ्रेमवर ठोकलेला नंबर खोडू नका. सायकल चोरीला गेली तर तीच ओळख. मग थिनरने पुसा, आट्यांत कागद कोंबा. आधी रेडऑक्साईड, वाळल्यावर रंग. डबा हलवून वीतभर अंतरावरून, हात चालता ठेवून मारा. जाड थराला ओघळ येणारच. पातळ तीन हात बरे. घाई असते ती मुलांना!
खोलीत मात्र हे काम नकोच. फवाऱ्याची वाफ शेगडीने, विडीनेही पेट घेते. तोंडाला फडके बांधून ती अडत नाही, छातीत जातेच. वारा पडलेला पाहून उघड्यावर मारा, लेकरांना लांब ठेवा. वरून वाळला तरी भाग दुसऱ्या दिवशीच चढवा.