चॉसरकडे जाणारी वाट पैठणवरून

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात मध्ययुगाइतका उपेक्षित भाग दुसरा क्वचितच असेल. रोमँटिक कवींवर विद्यार्थी मनापासून बोलतात, शेक्सपिअरविषयी धाकयुक्त आदर असतो, विसाव्या शतकाविषयी तर प्रत्येकाचे स्वतंत्र मत असते. मध्ययुग मात्र पाठ केले जाते. 'ॲलिगरी म्हणजे काय', 'फॅब्लिओची व्याख्या द्या', 'मिरॅकल आणि मोरॅलिटी नाटकांतील फरक स्पष्ट करा' अशा प्रश्नांची उत्तरे गाइडांतून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत आणि तेथून विस्मृतीत जातात. नेट-सेटच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांनी या प्रवासाला आणखी वेग दिला आहे. जोड्या जुळवता आल्या, सनावळीचा क्रम लावता आला, की मध्ययुग झाले.

आमचे म्हणणे असे की, हा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा नाही. ज्या संज्ञेमागे अनुभव नसतो ती पाठच करावी लागते. आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत विसंगती अशी की, या संज्ञांमागचा अनुभव त्याच्याजवळ भरपूर असतो. फक्त इंग्रजीच्या तासाला तो वर्गाबाहेर ठेवावा लागतो.

भाषेपासूनच सुरुवात करू. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके त्या देशाचा कारभार तीन भाषांत विभागला गेला. धर्म आणि विद्या लॅटिनमध्ये, दरबार आणि न्याय फ्रेंचमध्ये, शेत आणि चूल इंग्रजीत. १३६२ साली न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडावी असे ठरवणारा कायदा झाला, तोही लिहिला गेला फ्रेंचमध्येच. ही माहिती पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला कदाचित चमत्कारिक वाटेल. छावणीत राहणाऱ्याला वाटू नये. येथल्या आठवडी बाजारात एकच विक्रेता मराठी, दखनी आणि कामापुरती इंग्रजी बोलतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. आजोबांचे शिक्षण उर्दूतून, वडिलांचे मराठीतून आणि नातवाचे इंग्रजीतून झाले, अशी घरे येथे दुर्मीळ नाहीत. खुद्द 'छावणी' ही वस्तीच एका परक्या सत्तेच्या फौजेची खूण आहे, आणि त्या फौजेतल्या हिंदी शिपायांनी १८५७ साली याच शहरात बंड केले होते. सत्तेची भाषा वेगळी आणि घरची भाषा वेगळी म्हणजे काय, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

इंग्रजीच्या इतिहासात एक उदाहरण हमखास दिले जाते: गोठ्यातल्या जनावरांची नावे इंग्रजी राहिली आणि ताटातल्या मांसाची नावे फ्रेंच झाली. हे उदाहरण सांगून थांबण्याऐवजी शिक्षकाने फळ्यावर दोन मराठी याद्या मांडाव्यात. एका बाजूला नांगर, पेरणी, खळे, मोट. दुसऱ्या बाजूला वकील, फिर्याद, हुकूम, दप्तर. पहिली यादी मातीची आहे, दुसरी फारसीमार्गे कचेरीतून आलेली. चॉसरची इंग्रजी कशी घडली असेल, हे विद्यार्थ्याला मग वेगळे पाठ करावे लागणार नाही.

आता संज्ञांकडे वळू. 'रोमान्स' या शब्दाने आपल्या वर्गात जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. त्याचे भाषांतर 'प्रेमकथा' असे केले जाते आणि मग सर गवेनच्या कथेत प्रेम कोठे आहे, हे शोधण्यात तास संपतो. मुळात हा शब्द भाषेचा वाचक होता. लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत जे सांगितले ते 'रोमान्स'. पुढे त्या बोलीत सांगितल्या जाणाऱ्या सरदारांच्या साहसकथांना तेच नाव चिकटले. म्हणजे या संज्ञेच्या पोटात देशी भाषेचा आग्रह दडलेला आहे. हा आग्रह ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने महानुभावांकडे पाहावे. चक्रधरांनी आपले निरूपण मराठीत केले. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी संस्कृत पंडितांनाही मराठीतच बोलायला लावले. पैठण आणि वेरूळ ही त्यांच्या वावराची ठिकाणे आपल्या शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत.

'एक्झेंप्लम' घ्या. मध्ययुगीन धर्मोपदेशक आपला मुद्दा ठसवण्यासाठी जी छोटी गोष्ट सांगत, ती ही. चॉसरच्या पार्डनरची गोष्ट हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. आता केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' उघडा. तेथे आधी सूत्र येते, मग दृष्टांत, मग दृष्टांत कशाला लागू करायचा ते सांगणारे दार्ष्टांतिक. उपदेशपर कथेची तीनही अंगे सुटी करून समोर ठेवलेली आहेत. अशी उघडी रचना शिकवण्याच्या दृष्टीने अनमोल आहे. ती एकदा पाहिली की चॉसरने काय केले तेही नेमके दिसते. त्याने सूत्र आणि दृष्टांत जागच्या जागी ठेवले, पण सांगणारा बिघडवला. लोभाविरुद्ध प्रवचन देणारा पार्डनर स्वतः लोभी आहे आणि तसे तो उघडपणे सांगतो. 'आयरनी' ही संज्ञा याहून स्वच्छपणे कशी शिकवता येईल?

'ॲलिगरी'ची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तिला आपण 'रूपक' म्हणतो आणि अलंकारशास्त्रातल्या रूपकाशी तिची गल्लत होते. येथे भारूड आपल्या मदतीला येते. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, भूत लागते, जोशी भविष्य सांगतो. वरचा अर्थ मुलालाही कळतो आणि आतला अर्थ त्याच शब्दांतून समांतर चालत राहतो. एका ओळीपुरते रूपक आणि आख्यानभर चालणारे रूपक यांतला फरक भारूड ऐकणाऱ्याला आपोआप समजलेला असतो. 'एव्हरीमॅन' या नाटकात मृत्यूचे बोलावणे आल्यावर सोबती, नातलग आणि संपत्ती एकेक करून पाठ फिरवतात आणि अखेर सत्कर्म तेवढे बरोबर जाते. हे वाचताना मराठवाड्यातला विद्यार्थी खरे तर परक्या प्रदेशात नसतो. तो परका आहे, असे आपण त्याला पटवून देतो.

येथे सावध राहणेही आवश्यक आहे. अशी साम्ये दाखवताना 'आमच्याकडे हे सगळे आधीच होते' या सुखद निष्कर्षावर उतरण्याचा मोह होतो. ज्ञानेश्वरी १२९० ची आणि चॉसरचा जन्म त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांचा, हे खरे. पण त्याने कोणी मोठा किंवा लहान ठरत नाही. शिवाय दोन्हीकडची मध्ययुगे एकाच वेळी संपतही नाहीत. एकनाथ १५९९ साली गेले, त्याच वर्षी एडमंड स्पेन्सरही गेला; इंग्रजी वाङ्मयेतिहासात स्पेन्सर प्रबोधनकाळाचा कवी आहे, मराठी वाङ्मयेतिहासात एकनाथ मध्ययुगीन. या एका गोष्टीवरून 'मध्ययुग' हा शब्दच केवढा सोयीचा आणि केवढा निसरडा आहे, ते कळते. यॉर्कच्या चक्रनाट्यांत नोहाची नौका जहाज बांधणारे सुतार सादर करीत आणि शेवटच्या भोजनाचा प्रसंग रोटी भाजणारे. व्यावसायिक संघांनी वाटून घेतलेले असे नगरनाट्य आपल्याकडे नाही. बलुतेदारी म्हणजे इंग्लंडचे गिल्ड नव्हे, कारण गिल्डमध्ये उमेदवारी करून शिरता येत असे आणि बलुते जन्माने मिळे. तुलनेचा उपयोग साम्य सापडेपर्यंत थोडा असतो. साम्य जेथे तुटते तेथे ती खरी कामाला येते.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तुटलेला सांधा 'एस्टेट्स सटायर' या संज्ञेपाशी आहे. लढणारे, प्रार्थना करणारे आणि राबणारे अशी समाजाची तीन वर्गांत विभागणी मानून प्रत्येकाच्या दोषांवर टीका करणारे हे लेखन. 'कँटरबरी टेल्स'ची प्रस्तावना या परंपरेचा कळस मानली जाते. एका खाणावळीत सरदार, मठाधिकारिणी, व्यापारी, गिरणीवाला आणि नांगऱ्या एकत्र येतात, यात्रेला निघतात. आपल्या वर्गात येथे वारीची आठवण निघते आणि चर्चा समतेच्या गोड सुरावर संपते. ती तेथून सुरू व्हायला हवी. चॉसरने नांगऱ्याला यात्रेत घेतले, त्याच्या कष्टाळूपणाची मनापासून स्तुती केली. पण त्याच्या तोंडी एकही गोष्ट घातली नाही. त्याच सुमारास लँगलंडने मात्र 'पिअर्स प्लाउमन'मध्ये नांगऱ्यालाच सत्याचा वाटाड्या केले, आणि १३८१ च्या शेतकरी उठावात बंडखोरांच्या पत्रांतून पिअर्सचे नाव फिरले. इकडे चोखामेळ्याला देवळाच्या दाराबाहेर ठेवले गेले, पण त्याचे अभंग राहिले. सोयराबाईचे राहिले, कर्ममेळ्याचे राहिले. यात्रेत जागा आहे पण बोलण्याची पाळी नाही, आणि प्रवेश नाही पण वाणी आहे, अशा या दोन तऱ्हा आहेत. एकनाथांनी 'जोहार' महाराच्या मुखातून लिहिले, तेव्हा तो आवाज कोणाचा मानायचा, हा प्रश्नही त्यांच्याच शेजारी येऊन उभा राहतो. गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणाला, हा मध्ययुगीन साहित्यातला मूलभूत प्रश्न आहे, आणि तो विचारण्यासाठी आमच्या विद्यार्थ्याहून अधिक पात्र वाचक आम्हाला दिसत नाही.

अशा वाचनाला आपल्या शहरात पूर्वपरंपरा आहे. छावणीपासून जवळच, नागसेनवनात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे इंग्रजीचे प्राध्यापक होते. अमेरिकेत शिकताना त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचले आणि ते वाचन येथल्या लेखकांसमोर प्रश्नाच्या रूपाने ठेवले. दलित साहित्याच्या विचाराला त्यातून बळ मिळाले. गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघत राहिले. भालचंद्र नेमाडे यांनीही मराठवाडा विद्यापीठात इंग्रजीच शिकवले आणि देशीवादाची मांडणी केली. इंग्रजी विभागात बसून मराठीचा विचार करणे हे या शहराच्या दृष्टीने काही नवे धाडस नाही. नवे एवढेच की, आधुनिक साहित्याच्या बाबतीत जे घडले ते मध्ययुगाच्या बाबतीत अजून घडायचे आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मध्ययुगीन मराठी तरी आजच्या विद्यार्थ्याला कोठे येते? 'लीळाचरित्र' त्याला 'बेओवुल्फ'इतकेच दुर्गम आहे. हे बरेचसे खरे आहे. परंतु दुर्गमतेतही अंतर असते. लीळाचरित्रातले वाक्य मोठ्याने वाचले की अर्धे कळते आणि उरलेले घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारता येते. जुन्या इंग्रजीविषयी कोणाला विचारणार? भाषा सातशे वर्षांत किती बदलते हे स्वतःच्या भाषेत अनुभवले, की चॉसरच्या शब्दांची भीती कमी होते. दुसरा आक्षेप वेळेचा. सत्रपद्धतीत आहे तोच अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात आणखी मराठी कोठून आणायचे? आमचे उत्तर असे की, एकेका संज्ञेवर तीन व्याख्या लिहून देण्यात जो तास जातो, तोच तास एक भारूड आणि एक मोरॅलिटी नाटक शेजारी ठेवून वाचण्यात घालवावा. वेळ तेवढाच लागेल.

यासाठी समित्या नकोत की नवा आराखडा नको. इंग्रजी आणि मराठी विभागांनी सत्रातून चार तास एकत्र घ्यावेत. प्रश्नपत्रिकेत व्याख्येच्या प्रश्नाऐवजी एखादा न वाचलेला उतारा द्यावा आणि तो कोणत्या प्रकारात बसतो, कोठे बसत नाही, हे विचारावे. संज्ञेचे मराठी नाव ठरवण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे. 'रोमान्स'ला अद्भुताख्यान म्हणावे की वीराख्यान, या वादात ते त्या प्रकाराविषयी जितके शिकतील तितके कोणत्याही गाइडातून शिकणार नाहीत.

घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच पिढी आज मराठवाड्यातल्या अनेक इंग्रजी वर्गांत बसलेली आहे. आपले जे काही आहे ते इंग्रजीच्या दाराबाहेर काढून ठेवायचे असते, असे या मुलांना कोणी शब्दांत सांगत नाही. पण अभ्यासाची रीत रोज तेच सांगते. परिणामी चॉसर परका राहतो आणि एकनाथ 'मराठीवाल्यांचे' होतात. दोन समृद्ध मध्ययुगांच्या मधोमध उभा असलेला विद्यार्थी दोन्हींना मुकतो. हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ते चालू आहे. ते थांबवणे शिक्षकांच्या हातात आहे, आणि त्यासाठी पुढच्या सत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.