‘मॅडम, साहेबांना पाठवा!’

गाडी घेऊन बाई गॅरेजमध्ये गेली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘साहेब नाही आले?’ गाडी तिच्या नावावर, रोज तालुक्याला ये-जा करणारी ती. पण गाडीला काय होतंय हे सांगायला साहेब हवेत! ते साहेब बिचारे महिन्यातून एकदा त्या गाडीत बसतात, तेसुद्धा शेजारच्या सीटवर.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईच्या वाट्याला येते ती बहुधा जुनी गाडी. घरात नवी आली, की जुनी ‘तुला शाळेत जायला होईल’ म्हणून हिच्याकडे. मारुती ८०० बनायची बंद झाली २०१४ मध्ये, तरी आमच्या बाजारपेठेत अजून दिसतात, दीड-पावणेदोन लाख किलोमीटर पळालेल्या. अशा गाडीची ठरलेली दुखणी दोन. उभी असताना थरथरणं आणि रेस दिली की आचका देऊन अडखळणं. गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ आणि ‘पिकअप नाही’. दुसरं दुखणं नुसतं त्रासाचं नाही, बरं का. रेल्वे फाटक ओलांडताना किंवा मागे ट्रक असताना चढावर गाडी अडखळली तर काय होईल, हे सांगायला नको.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या ८००ला हेच झालं. एका गॅरेजने टाकीतला पंप बदलला, मग इंजेक्टर साफ केले, मग ‘सेन्सर गेलाय’ म्हणून सांगितलं. साडेसात हजार गेले, थरथर तशीच! पावसाळी सकाळीच गाडी त्रास देते, दुपारी परत येताना शहाण्यासारखी चालते, हे बाईंना नेमकं ठाऊक होतं. पण कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता सांगायची आपल्याला सवय नाही. दुसऱ्या मिस्त्रीने मात्र विचारलं, ‘ताई, कधी होतं?’ संध्याकाळी काळोख पडल्यावर त्याने बॉनेट उघडून दाखवलं. प्लगच्या वायरीला चीर गेली होती आणि ओलाव्यात ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरच उडत होती. ८००ला सिलिंडर तीनच. एक रुसला की एक तृतीयांश ताकद गेली, मग गाडी थरथरणारच. नव्या वायरी आणि प्लग मिळून खर्च हजाराच्या आत.

म्हणून माझं म्हणणं असं, की स्पॅनर हातात घेऊ नका हवं तर, पण दुखणं तुम्हीच सांगा. डॉक्टरला सांगतो ना, ताप संध्याकाळी चढतो, तसं. गार असताना होतं की तापल्यावर? उभी असताना की चढावर? एसी लावल्यावर वाढतं का? उभी असताना थरथरते आणि रेस दिली की शांत होते, तर हवेची एखादी नळी फाटलेली असेल, थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला असेल, किंवा इंजिन ज्या रबरावर बसतं ते माउंटिंगच गेलं असेल. उभी असताना ठीक, पण चढावर मार खाते, तर पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय का बघायला सांगा. इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पळत नाही, तर तो क्लच. त्यात प्लगचा काही दोष नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, तर मात्र तशीच दामटू नका, बाजूला घ्या.

खर्चाचा क्रमही आपणच ठरवायचा. आधी प्लग, वायरी, एअर फिल्टर, नळ्या. सेन्सर आणि पंप नंतर, आणि तेही तपासून. ‘बदलून बघू’ म्हणून नव्हे. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट काळे पडलेले प्लग हौसेने दाखवतो. असे मिस्त्री गावोगाव आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवायला नको.

आता एक नवीन भानगड. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे सुट्टीत महिनाभर गाडी उभी ठेवून माहेरी गेलात, तर परत आल्यावर ती अडखळू शकते. पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या नळ्या बघायला मुद्दाम सांगा. आणि बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आला, तर चावी फिरवू नका. मिस्त्रीलाच घरी बोलवा. ‘साहेब आहेत का घरी?’ असं त्याने फोनवर विचारलं, तर म्हणा, ‘गाडी मी चालवते, मला विचारा.’