पेटरची आजी

घरातील एखाद्या वृद्ध माणसाची दृष्टी गेली की भोवतालची माणसे दोन गोष्टी करू लागतात. त्याच्याशी मोठ्याने बोलतात, आणि त्याला फारसे काही कळत नाही असे गृहीत धरतात. वास्तविक गेलेले असतात डोळे. कान आणि बुद्धी जागच्या जागी असतात. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेच्या ‘हायडी’ या कादंबरीतील एक वृद्धा या समजुतीला चांगलेच उत्तर देते. लहानपणी हे पुस्तक वाचलेल्या बहुतेकांना डोंगर, शेळ्या आणि तुसडे आजोबा आठवतात. कोपऱ्यात चरख्यावर सूत कातत बसलेली आंधळी म्हातारी मात्र कित्येकांच्या विस्मरणात गेलेली असते. पुस्तक प्रौढपणी पुन्हा हाती घेतले की तिचे मोल उमगते.

या कादंबरीचा पहिला भाग १८८० मध्ये व दुसरा १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ जर्मन शीर्षकाचा अर्थ हायडीची शिकण्याची आणि भटकंतीची वर्षे असा होतो. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’ची आठवण देणारे हे शीर्षक लेखिकेने उगाच योजलेले नाही. एक पोरकी मुलगी हळूहळू जाणती होते, ही खरी कथा आहे. पाच वर्षांच्या हायडीला तिची मावशी डेटे डोंगरावर आजोबांकडे आणून सोडते. आजोबांच्या झोपडीच्या खाली, अर्ध्या वाटेवर, शेळ्या राखणाऱ्या पेटरचे मोडकळीस आलेले घर आहे. त्याची आजी ही हायडीची सख्खी कोणी नव्हे, नुसती शेजारीण. परंतु सारेच तिला आजी म्हणतात, म्हणून हायडीही म्हणते.

पहिल्याच हिवाळ्यात आजोबा हायडीला पांघरुणात गुंडाळून, बर्फावरून घसरगाडीने खाली आणतात व तिला दारातून आत सोडतात. आजी तिचा हात चाचपते आणि चकित होते, कारण हात चांगला उबदार आहे. गावातील डोळस लोकांनी या आजोबांविषयी कधीच निकाल देऊन टाकलेला असतो: माणूस कठोर आहे, त्याच्या हाती मूल सोपविणे म्हणजे पाप. आजीच्या मनात मात्र त्या ऊबदार हातापासून या निकालाविषयी शंका उत्पन्न होते. ती आपल्या सुनेला, ब्रिगिटेला, मूल दिसते कसे हे विचारते, हायडीचे बोलणे मन लावून ऐकते, आणि वरच्या झोपडीत काय चालले आहे याचा अंदाज बांधते. तो अंदाज गावाच्या निकालापेक्षा सत्याच्या पुष्कळ जवळ असतो.

त्याच भेटीत खिडकीची एक झडप वाऱ्याने आपटत असते. हायडी ती दाखविते, तेव्हा आजी सांगते की झडप दिसत नाही, पण ऐकू चांगली येते. इतकेच नव्हे, तर वारा सुटला की सारे घर कसे करकरते हेही ऐकू येते. दोघे झोपले की रात्री घर अंगावर कोसळेल या भीतीने तिचा डोळा लागत नाही. घराची ही अवस्था सून आणि नातू रोज पाहत होतेच. तिचे भय मात्र एकट्या आजीच्या वाट्याला आले होते. दुसऱ्या दिवशी आजोबा हातोडा घेऊन येतात आणि न बोलता डागडुजी सुरू करतात. ब्रिगिटे आभार मानण्यास बाहेर येते, तर ते तिला आत पिटाळतात. आभार नको असलेला कारागीर हल्ली विरळाच!

पण आजीला उजेडही दिसत नाही हे समजल्यावर हायडी ओक्साबोक्शी रडू लागते. झडप उघडली तर? बाहेर बर्फावर नेले तर? आजीला कोणीच उजेड करून देऊ शकत नाही का? या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर नाही. आजी मुलीला जवळ घेते आणि म्हणते की न दिसणाऱ्याला गोड शब्द ऐकण्याचे सुख फार असते, तेव्हा तू बोलत राहा. फळीवर स्तोत्रांचे एक जुने पुस्तक धूळ खात पडलेले असते. आजीला त्यातील ओळी आता आठवत नाहीत, आणि पेटरला वाचता येत नाही.

पुढे आठ वर्षांच्या हायडीला डेटे मावशी फ्रांकफुर्टला नेते. मुलगी सहजी निघेना, तेव्हा मावशी तिला आमिष दाखविते: तेथे मऊ पांढरे पाव मिळतात, ते आजीसाठी आणता येतील. आजीला काळा, टणक पाव चावत नाही हे मुलीला ठाऊक असते. आजी खिडकी उघडून, मुलीला नेऊ नको म्हणून हाका मारते. परंतु मुलगी आजीच्याच पावासाठी पुढे जाते. मोठ्यांनी सहज फेकलेले आश्वासन मुलांच्या वहीत देणे म्हणून कसे नोंदले जाते, हे पाहण्यासारखे आहे. श्रीमंत झेसेमान कुटुंबात राहून हायडी ताटातील पाव कपाटात साठवीत राहते. घराची व्यवस्था पाहणाऱ्या रोटेनमायरबाई एके दिवशी तो साठा टाकून देतात.

हायडी परत येते तेव्हा आजी पावलांच्या आवाजावरूनच म्हणते की आपली हायडी अशीच धावत येई. ब्रिगिटेचे लक्ष नव्या कपड्यांकडे आणि पिसाच्या टोपीकडे जाते, मुलगी तिला ओळखू येत नाही. आजी कुरळे केस चाचपते, आवाज ऐकते, आणि तिची खात्री पटते. मग हायडी तिच्या मांडीवर एकेक करून बारा पांढरे पाव ठेवते. आजी म्हणते, पावापेक्षा तू आलीस हे मोठे.

झेसेमान यांनी दिलेले पैसे हायडीजवळ असतात. रोज एक ताजा पाव आणि रविवारी दोन, असा हिशेब ती तत्काळ मांडते. आजी तो नाकारते. पैसा त्यासाठी दिलेला नाही, तो आजोबांना दाखव, असे सांगते. दारिद्र्यातही दुसऱ्याच्या ठेवीला हात न लावण्याचा हा काटेकोरपणा वाचकाने ध्यानात ठेवावा. शेवटी आजोबाच परवानगी देतात.

आणि मग हायडी फळीवरचे पुस्तक काढते. ती फ्रांकफुर्टला वाचायला शिकून आलेली असते. सूर्योदयाचे स्तोत्र ऐकताना आजीचे हात जोडलेले राहतात आणि चेहरा उजळतो. ती म्हणते की या वाचनाने तिच्या आत उजेड झाला. लेखिकेची आई मेटा हॉयसर स्वतः धार्मिक कविता लिहीत असे, हे ठाऊक असले की या प्रसंगाचा जिव्हाळा कोठून आला असेल याचा तर्क करता येतो.

दुसऱ्या भागात बर्फामुळे हायडीला वर येता येत नाही, म्हणून ती पेटरला वाचायला शिकविते. पेटर रोज एक स्तोत्र वाचतो, अधिक नाही. शिवाय लांब, अवघड शब्द सरळ गाळतो. दोनचार शब्द गेले तर आजीला काय कळणार, असे त्याचे गणित. नामे जवळजवळ नाहीशी होतात! पेटरला वाचता आले याचा ब्रिगिटेला आनंद आहे. आजीलाही आहे, पण ओळींत काहीतरी राहून जाते आणि अर्थ हाती लागत नाही, हे तिला जाणवते. न वाचताच रकमा जुळविणाऱ्याची चूक शेवटी कान देऊन ऐकणाराच पकडतो.

याच भागात क्लाराचे पाय बरे होतात, ती चालू लागते. आजीचे डोळे मात्र तसेच राहतात. एवढ्या सुखान्त पुस्तकात लेखिकेने हा एक चमत्कार हात आखडून टाळला, हे तिचे मोठे शहाणपण होय.

क्लारा येणार असल्याचे वृत्त आजीला कळते, तेव्हा फ्रांकफुर्टची माणसे मुलीला पुन्हा नेतील या भयाने ती व्याकूळ होते. हायडी आनंदाने नाचत येते आणि आजीचा चेहरा पाहून थबकते. रोटेनमायरबाईही येतील याची तुला भीती वाटते का, असे ती निरागसपणे विचारते. आजी नाही म्हणते. आपले दुःख मुलीच्या आनंदावर पडू नये म्हणून ती काहीच बोलत नाही, फक्त एक स्तोत्र वाचून दाखव, एवढेच मागते; आणि हायडी पुस्तक उघडते.