साडेचारशे वर्षे चाललेल्या पेढीचा धडा

बाप दुकान उभे करतो, मुले ते वाढवितात आणि नातवांच्या काळात ते कोर्टात जाते, हा आपल्या बाजारपेठांतील नित्याचा अनुभव आहे. माल खपत नाही म्हणून असे होत नाही. कोणाचा वाटा किती, हे कोठेच लिहिलेले नसते म्हणून होते. तेव्हा पेढी टिकते कशाने, या प्रश्नाचा विचार आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी गांभीर्याने केला पाहिजे. इंग्लंडच्या केंट परगण्यातील वकिलांच्या एका पेढीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे.

थॉमसन स्नेल अँड पासमोर या नावाने ही पेढी प्रसिद्ध आहे. तिचा उगम लंडनमध्ये नव्हे, तर टनब्रिज या लहान गावी १५७० साली झाला. पुढे शेजारच्या टनब्रिज वेल्स शहरात तिचा जम बसला. जगातील सर्वांत जुनी वकिलांची पेढी म्हणून गिनीज बुकाने तिची नोंद घेतली आहे. तिचा मूळ पुरुष निकोलस हूपर हा तेथील चर्चचा साहाय्यक पाद्री होता आणि तो दस्तलेखकाचे काम करी. लिहिता-वाचता येणारी माणसे तेव्हा मोजकीच होती. त्यातून केंटची रीत निराळी. इंग्लंडमध्ये इतरत्र बहुधा थोरल्या मुलाकडे जमीन जाई, केंटमध्ये मात्र ती सर्व मुलांत सारखी वाटली जाई. ही रीत १९२५ च्या कायद्याने संपली. जेथे वाटेकरी अनेक, तेथे कागद चोख लागतो.

दिव्य कुरआनमधील सर्वांत मोठी आयत (अल्-बकरा : २८२) याच विषयावर आहे, याची येथे आठवण होते. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, लिहिण्यास नकार देऊ नये, रक्कम लहान असो वा मोठी, कंटाळा करू नये, असा हा आदेश आहे. इंग्लंडमध्ये जमिनीचे करार लेखी असावेत असा कायदा १६७७ साली झाला. आमच्याकडे आदेश हजार वर्षे आधी आला. पण भावाभावांत कागद कशाला, असे म्हणून आम्ही तो बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट शागिर्दीची. १७२९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये वकिली करू इच्छिणाऱ्याला पाच वर्षे उस्तादाच्या हाताखाली काम करणे भाग पडले. २०२१ पासून परीक्षेची नवी पद्धत आली, तरी दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आजही सक्तीचा आहे. तयार झालेला शागिर्द पुढे भागीदार होतो आणि नाव चालू राहते. वर दिलेल्या नावात हूपर कोठेही नाही, हे लक्षात घ्यावे. माणसे गेली, पाट्या बदलल्या, पण काम खंडित झाले नाही.

तिसरी गोष्ट अमानतीची. येथे मात्र इंग्रज वकिलांचा इतिहास निष्कलंक नाही. अशिलांचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळण्याची चाल जुनी होती. लॉ सोसायटीचे अध्यक्षपद भूषविलेल्या बेंजामिन लेक यांना अशिलांच्या पैशांच्या अपहाराबद्दल १९०१ साली शिक्षा झाली. अखेर १९३३ चा कायदा आला आणि १९३५ पासून अशिलांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. बुडालेल्यांना भरपाई देणारा निधी १९४१ च्या कायद्याने उभा राहिला. मक्का सोडताना शत्रूंच्याही ठेवी परत करण्याची व्यवस्था प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (र.) यांच्यावर सोपविली होती. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम घरखर्चात घालणे शोभत नाही.

त्यांचे सर्वच अनुकरणीय आहे, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या काळी परगण्यांतील वकील व्याजी कर्जे जुळवून देत. तो मार्ग आमचा नाही. पण चांगली शिस्त कोठूनही घ्यावी.

आपला १९३२ चा भागीदारी कायदा इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यावरच बेतलेला आहे. त्याप्रमाणे करारात वेगळी अट नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. भागीदार दोनच असतील, तर अशी अटही उपयोगी पडत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा आहे. पेढीची नोंदणी नसेल, तर उधारी थकविणाऱ्याविरुद्ध पेढीच्या नावाने दावा लावता येत नाही. म्हणून भागीदारीपत्र आजच करावे, त्याची नोंदणी करावी आणि हातात हुन्नर असलेला तिसरा विश्वासू माणूस वेळीच भागीदार म्हणून घ्यावा. तो नात्यातलाच असला पाहिजे असे नाही. कोणी वारला तर त्याच्या वाट्याची किंमत कशी ठरेल आणि ती वारसांना किती दिवसांत मिळेल, हेही लिहून ठेवावे. वारसांत विधवा आणि मुलीही येतात. धंदा मुलांचा, या सबबीवर त्यांचा मिरासचा हक्क दाबला जातो, तो प्रामुख्याने कागद नसल्यामुळेच.

भागीदारीपत्राला स्टॅम्प आणि वकिलाची फी एवढाच खर्च येतो. तो टाळणाऱ्या घरांतील भाऊ पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेले आम्ही पाहतो. कागद केल्याने विश्वास कमी होत नाही, तो पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचतो.