मामा झाला त्याची गोष्ट

परवा माझा मामा झाला. म्हणजे मी तसा गेली तेरा वर्षं मामा आहेच, पण परवा माझ्या भाच्यानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

रविवारची सकाळ. पोहे हाणून, पेपर चाळून मी जरा आडवा झालो होतो. तेवढ्यात फोन किणकिणला. भाच्याचा मेसेज. "मामा, आजोबांच्या कपाटात तुझ्या मुंजीची कॅसेट सापडली. बाबांनी कॉम्प्युटरवर घेतलीये. बघ ना!" खाली लिंक. आता स्वतःच्या मुंजीचा व्हिडिओ म्हटल्यावर कोण थांबणार? चकोट केलेला, लंगोट लावलेला, भिक्षावळीत आलेले लाडू मोजणारा मी. डोळ्यांत पाणी यायची पूर्ण तयारी ठेवून मी लिंकवर टिचकी मारली.

ढिंगचिक ढिंगचिक ढोल वाजले आणि लांब कोटातला एक तांबूस केसांचा गोरा पोरगा माईकसमोर डुलायला लागला.

लगेच बहिणीचा फोन. स्पीकरवर. पलीकडे भाचा, बहीण, भावोजी आणि चक्क आमचे तीर्थरूप, सगळे फिदीफिदी हसत होते. "मामा, तू पण! कॉम्प्युटरमध्ये काम करतोस ना रे तू?"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तो गोरा पोरगा म्हणजे रिक ॲस्टली आणि ते गाणं १९८७ सालचं. २००७ च्या सुमाराला इंटरनेटवरच्या उपद्व्यापी पोरांनी एक खेळ काढला. लिंक द्यायची भलत्याच कशाची तरी आणि टिचकी मारणाऱ्याच्या पदरात टाकायचं हे गाणं. याला रिकरोल म्हणतात. १ एप्रिल २००८ ला तर खुद्द यूट्यूबनं आपल्या पहिल्या पानावरचे निवडक व्हिडिओ याच गाण्याला जोडून लोकांना गंडवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीत स्वतः ॲस्टली अचानक प्रकट होऊन ते गायला आणि अख्ख्या अमेरिकेचा मामा झाला. जुलै २०२१ मध्ये या व्हिडिओनं एक अब्ज दर्शनांचा आकडा ओलांडला. त्यातले किती जण स्वखुशीनं आले होते, ते तो रिकच जाणे :)

असो. चिडायच्या ऐवजी मला दिवसभर मजा वाटत राहिली. आणि मग लहानपणीची एक गोष्ट आठवली.

आमच्या वाड्यासमोर दुपारच्या वेळी आम्ही पोरं एक रुपयाच्या नोटेला काळा धागा बांधून ती रस्त्यात टाकून ठेवायचो. धाग्याचं दुसरं टोक घेऊन दाराआड दबा धरून बसायचं. कुणी काका इकडेतिकडे बघत हळूच वाकले की सर्रकन धागा ओढायचा. पण त्या खेळाचा एक पक्का नियम होता. ओढून झालं की पळायचं नाही. दारातून बाहेर यायचं, "कसं फसवलं!" असं ओरडायचं आणि शिव्या खायच्या असतील तर त्या खायच्या. काका बहुतेक वेळा हसायचेच. एखादे तिरसट निघाले तर कान धरायचे. पण नोट कुणाची आणि धागा कुणाच्या हातात, हे त्यांना कळल्याशिवाय आमचा खेळ पुरा व्हायचा नाही.

माझं आपलं साधं मत आहे. थट्टा ती, जिच्या धाग्याचं दुसरं टोक शेवटी दिसतं. ते दिसलं नाही की थट्टेची फसवणूक होते, मग ती करणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

कॉम्प्युटरवाले लोक या बाबतीत पूर्वी फार गुणी होते. इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या गंभीर दस्तऐवजांत लिहिले जातात, त्यात १ एप्रिल १९९० ला एका पठ्ठ्यानं कबुतरांमार्फत इंटरनेट चालवायचा रीतसर नियम लिहून टाकला. माहितीचा तुकडा कागदावर छापायचा, त्याची सुरळी कबुतराच्या पायाला चिकटपट्टीनं बांधायची आणि द्यायचं सोडून. भाषा इतकी सरकारी की वाचणाऱ्याला क्षणभर वाटावं, बरोबर आहे की! २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या हौशी मंडळींनी खरोखर कबुतरं आणून हा प्रयोग केला. नऊ संदेश पाठवले, चार उत्तरं आली. सगळ्यात जलद उत्तराला सुमारे ५३ मिनिटं लागली. (आमच्या भागात पावसाळ्यात नेट याहून फार वेगळं चालत नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

१९९८ च्या एक एप्रिलला लॅरी मासिंटर यांनी कॉफीच्या यंत्राशी इंटरनेटवरून बोलायचे नियम लिहिले. त्यात अशी सोय होती, की चहाच्या किटलीकडे कुणी कॉफी मागितली तर तिनं "४१८ : मी किटली आहे" असं बाणेदार उत्तर द्यावं. या निरुपयोगी ४१८ वर जगभरच्या प्रोग्रामरांचा इतका जीव, की २०१७ मध्ये तो काही सॉफ्टवेअरमधून काढायची गोष्ट निघाली तेव्हा किटली बचाव मोहीम उभी राहिली. किटली वाचली.

या सगळ्यात धागा उघड दिसतो. तारीखच एक एप्रिल. शिवाय लिहिणारा हसतोय तो स्वतःच्याच धंद्याला. गूगलनंही ही परंपरा बरीच वर्षं चालवली. २००७ साली त्यांनी संडासातून घरगुती इंटरनेट देण्याची घोषणा केली होती. केबलचं एक टोक धरून ठेवायचं, दुसरं भांड्यात टाकून पाणी सोडायचं. गंमत म्हणजे त्याच्या तीन वर्षं आधी, १ एप्रिल २००४ ला, त्यांनी जीमेल जाहीर केलं तेव्हा लोकांना तीच थट्टा वाटली. जिथं हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा देत होतं, तिथं हे म्हणे १ जीबी देणार, तीही फुकट! आम्ही ऑफिसात खो खो हसलो होतो. पुढं त्याच जीमेलच्या एका आमंत्रणासाठी मी एका सहकाऱ्याला आठवडाभर चहा पाजला, हे वेगळं सांगायला नको.

पण २०१६ साली तेही घसरले. जीमेलमध्ये नेहमीच्या 'पाठवा' बटणाच्या शेजारी एक नवं बटण आलं. ते दाबलं की पत्राबरोबर माईक खाली टाकणारा एक पिवळा कार्टून जायचा आणि वर त्या पत्राला आलेली उत्तरंही पाठवणाऱ्याला दिसायची नाहीत. घाईघाईत चुकीचं बटण दाबून लोकांनी कामाच्या गंभीर पत्रांनाही तो पिवळा बाहुला चिकटवला. बोंबाबोंब झाली, त्याच दिवशी बटण मागे घेतलं गेलं, माफी मागितली गेली. ज्याला फसवायचं त्याच्यापर्यंत "कसं फसवलं!" ही हाक पोचायच्या आत त्याच्या साहेबापर्यंत बाहुला पोचला होता. पुढं २०२० मध्ये करोनामुळे गूगलनं एक एप्रिलच्या गमती बंद ठेवल्या.

आता माझ्या स्वतःच्या शहाणपणाकडे वळतो.

२००२ साल. नोकरीला लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. एक ढकलपत्र आलं. 'सावधान! तुमच्या संगणकात राखाडी अस्वलाचं चित्र असलेली एक फाईल असेल तर तो व्हायरस आहे. चौदा दिवस झोपून राहतो आणि मग सगळं फस्त करतो. नामांकित अँटीव्हायरसनाही सापडत नाही. ती फाईल ताबडतोब उडवा आणि ओळखीच्या सर्वांना कळवा.' मी शोधलं. अस्वल सापडलं! घाम फुटला. अस्वल उडवलं, कचराकुंडी रिकामी केली आणि पत्त्याच्या वहीतल्या झाडून सगळ्यांना पत्र ढकललं. साहेबांना तर जागेवर जाऊन सांगितलं. दुपारपर्यंत अख्ख्या ऑफिसातून अस्वलं हद्दपार झाली.

संध्याकाळी आमच्या एका सीनियरनी मला चहाला नेलं आणि शांतपणे सांगितलं, "ती फाईल विंडोजचीच आहे. जावाच्या कामासाठी असते. प्रत्येकाकडे असतेच. व्हायरस नव्हता त्यात." मग एक घोट घेऊन म्हणाले, "म्हणजे होता. आज सकाळी तूच होतास."

चरफडलो, पण वाक्य कायमचं डोक्यात बसलं. कुणीतरी जगाच्या कोपऱ्यात बसून ते पत्र लिहिलं आणि तो निघून गेला. नोट रस्त्यात, धागा तुटलेला, दाराआड कुणी नाही. ओरडून खरं सांगणारं कुणी नसल्यामुळे वाकणारे नुसते वाकतच राहिले.

कायमचं डोक्यात बसलं म्हणालो खरं, पण ते तितकंसं खरं नाही. युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याचं ढकलपत्र मी अभिमानानं पुढं पाठवलेलं आहे. युनेस्कोनं असं काहीही ठरवलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजाराच्या नव्या नोटेत चिप आहे, १२० मीटर जमिनीखाली पुरली तरी तिचा ठावठिकाणा उपग्रहाला कळतो, अशी बातमी तर टीव्हीवरच्या निवेदकांनीही गांभीर्यानं दिली. आमच्या शेजारच्या काकांनी एकुलती एक नोट पोळीच्या चंदेरी कागदात गुंडाळून ठेवली होती. त्यांना आम्ही हसलो. इथपर्यंत हसण्यासारखंच होतं.

मग २०१८ उजाडलं. त्या वर्षी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता. रस्त्यावर मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. मीही तो पाहिला. आणि बहिणीला पाठवला. 'पोराला एकट्याला खाली सोडू नकोस.' तेव्हा भाचा सहा वर्षांचा होता. त्या पोराला पुढचे काही आठवडे सोसायटीच्या आवारातसुद्धा एकट्यानं खेळता आलं नाही.

तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाले परत येतात, मुलाला सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात. मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. म्हणजे "कसं फसवलं!" म्हणायला दारातून बाहेर येणारी माणसं त्या फिल्ममध्ये होती. कुणीतरी फक्त तेवढा शेवट कापला. अर्ध्या मिनिटाची कात्री.

मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवांनी त्या वर्षी देशभर धुमाकूळ घातला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. पाच माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं ढकललेल्या मेसेजवर तसा शिक्का मारायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल असं बंधन घातलं. राईनपाड्याची बातमी वाचताना मला आधी सीनियरचं ते चहाचं वाक्य आठवलं आणि मग बहिणीला पाठवलेला तो व्हिडिओ. बहिणीला मी फोन करून खरं सांगितलं. तिनं तोवर तो आणखी तीन गटांवर टाकला होता. तिथंही तिनं खरं काय ते लिहिलं. पुढचं कुणाच्याच हातात नव्हतं.

म्हणून मला भाच्याचा रिकरोल इतका आवडला. कुणी म्हणेल, पोरांनी वडीलधाऱ्यांना असं गंडवणं बरं नव्हे. मी म्हणतो, खुशाल गंडवावं. ही लस आहे. रोगाचा बारीकसा डोस आपल्याच माणसाच्या हातून घ्यायचा, थोडं अंग दुखतं, लाज वाटते आणि पुढच्या वेळी बोट आपोआप थबकतं. आमची पिढी आयुष्यभर छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवून वाढली, आम्हाला ही लस कुणी टोचलीच नाही. ती घेतलेली पोरं लिंक आली की आधी तिचा पत्ता वाचतात, मेसेज आला की पुढं काय झालं ते विचारतात. आता मीही तोच एक प्रश्न विचारायला शिकतोय. या धाग्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे? उत्तर सापडेपर्यंत फोन पालथा.

काल मी भाच्यावर सूड उगवायचा प्रयत्न केला. 'तुझ्या गणिताच्या पेपरची उत्तरं कुणीतरी टाकलीयेत, बघ' असं लिहून त्याच गाण्याची लिंक पाठवली. मिनिटभरात उत्तर आलं. "मामा, पत्त्याच्या शेवटी डीक्यूडब्ल्यू दिसतंय. पाठ आहे आम्हाला ते. आणि आजोबा सध्या त्यांचे सगळे फॉरवर्ड आधी मला दाखवतात, तू पण दाखवत जा."

मुंजीची कॅसेट मात्र खरंच आहे म्हणे, आजोबांच्या कपाटात. बाबा स्वतः म्हणाले. पण फोनवर त्यांच्या मागून कुणीतरी हसत होतं, त्यामुळे मी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाहीये.